मार्चमधला बदलता आठवडा: हवामान खात्याचं अखिल भारतीय बुलेटिन नेमकं वाचायचं कसं?

शिवारवाट (जालना)

मंडळी, हवामान खात्याचं आज दुपारचं अखिल भारतीय बुलेटिन समोर आहे. त्यातला आपल्या कामाचा भाग असा:

पश्चिमी चक्रावात (पश्चिमेकडून सरकत येणारी हवामान प्रणाली) वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांत द्रोणीच्या (कमी दाबाच्या लांबट पट्ट्याच्या) रूपात, उंची ५.८ किमी, अक्ष (त्या पट्ट्याची मधली रेषा) साधारण ६४ अंश पूर्व रेखांशावर, २२ अंश उत्तर अक्षांशाच्या उत्तरेला. कर्नाटकाच्या दक्षिण अंतर्भागापासून विदर्भापर्यंत ०.९ किमी उंचीवर हवेचा कमी दाबाचा पट्टा. पहिल्या दिवशी फक्त विदर्भात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ तिन्हीकडे विजा आणि ताशी ४० ते ५० किमी वारा. दुसऱ्या दिवशी मराठवाडा व विदर्भात तुरळक ठिकाणी गारपीट. चौथ्या दिवसापासून कोरडं. कोकणात मात्र उष्ण व दमट.

गहू कापणीला आलाय आणि अर्ध्या एकरातला कांदा उपटून शेतातच पडलाय. विचारायचं ते एवढंच: "तुरळक" म्हणजे माझ्या शिवारात येण्याची शक्यता किती धरायची? "दुसरा दिवस" म्हणजे नक्की कुठले तास? त्या अक्षांश-रेखांशांवरून सामान्य माणसाला काही कळतं का? मोबाइलमधली दोन ॲप तर दोन्ही दिवस स्वच्छ ऊन दाखवतायत.

---

ढगवाचक

आधी तासांचा घोळ मिटवू, कारण निम्मी फसगत तिथेच होते. खात्याचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो. पहिला दिवस म्हणजे आज सकाळी ८.३० ते उद्या सकाळी ८.३०. आज मंगळवार धरा. तुमचा गारपिटीचा दुसरा दिवस बुधवारी सकाळी ८.३० ला सुरू होतो आणि गुरुवारी सकाळी ८.३० ला संपतो. बुधवारी रात्री दोन वाजता पाऊस आला तर तो बुधवारच्याच खात्यात, आणि तो मोजला जातो गुरुवारी सकाळी. म्हणून पर्जन्यमानाच्या तक्त्यात तो गुरुवारच्या तारखेखाली दिसतो. अंदाज चुकला म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण या दोन तारखांत अडकलेले असतात.

दुसरं, बुलेटिनच्या माथ्यावर प्रसिद्ध केल्याची वेळ असते, ती आधी पाहा. बुलेटिन दिवसातून अनेकदा सुधारून निघतं. बातमीत "येत्या ४८ तासांत" छापून येतं, पण ते ४८ तास कधीपासून मोजायचे हे बातमीत नसतं. फॉरवर्ड होऊन तीच बातमी दोन दिवसांनी तुमच्याकडे आली तर तिचा काही उपयोग नाही.

आता "तुरळक". हा शब्द विस्ताराचा आहे, शक्यतेचा नाही. खात्याची मोजपट्टी अशी:

तुरळक ठिकाणी: उपविभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस
काही ठिकाणी: २६ ते ५० टक्के
बऱ्याच ठिकाणी: ५१ ते ७५ टक्के
बहुतेक सर्व ठिकाणी: ७६ टक्के आणि वर

देशात असे ३६ उपविभाग आहेत. महाराष्ट्राच्या वाट्याला चार: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. मध्य महाराष्ट्र म्हणजे नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत दहा जिल्हे. एवढ्या पट्ट्यात "तुरळक" म्हटल्यावर कोणत्या गावाला मिळेल हे त्या शब्दातून कळतच नाही, आणि ते सांगण्याचा त्याचा दावाही नाही. मराठवाडा आठ जिल्ह्यांचा आहे, तिथेही हेच.

शक्यतेचे शब्द वेगळे. इंग्रजी बुलेटिनमध्ये नुसतं "लाइकली" असेल तर २५ ते ५० टक्के, "व्हेरी लाइकली" ५० ते ७५, "मोस्ट लाइकली" ७५ च्या वर. मराठी भाषांतरात हे तिन्ही बऱ्याचदा एकाच "शक्यता" शब्दात मिसळून जातात, त्यामुळे मूळ पीडीएफ उघडून बघितलेलं बरं.

इशाऱ्याच्या रंगाबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पिवळा म्हणजे थोडा पाऊस आणि नारंगी म्हणजे जास्त पाऊस, असं नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग ठरवताना घटनेची शक्यता आणि तिचा परिणाम या दोन्हींचा विचार होतो. चार मिलिमीटर पाऊस आणि सोबत गारा, तरी नारंगी येऊ शकतो. मार्चच्या या प्रकारात मिलिमीटर पाहून निर्धास्त होऊ नका. हलका पाऊस १५.५ मिमीपर्यंत, मध्यम ६४.४ पर्यंत, त्यावर जोरदार. ही वर्गवारी मान्सूनला छान लागू पडते, पण उभ्या गव्हाला आडवं करायला हलक्या पावसासोबतचा वाराच पुरतो.

---

आयसोबार

अक्षांश-रेखांशांवरून कळतं, आणि बरंच कळतं. बुलेटिनमधला सर्वांत मोलाचा भाग तोच, पण वाचक तो ओलांडून थेट इशाऱ्यांवर जातात.

आधी अक्षांश. पश्चिमी चक्रावात भूमध्य समुद्राच्या बाजूने पूर्वेला सरकत येतो. द्रोणीचा अक्ष "३० अंशाच्या उत्तरेला" लिहिला असेल तर खेळ जम्मू-काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडचा. आपल्याकडे फार तर उंच पांढरे ढग. २५ लिहिलं तर राजस्थान, मध्य प्रदेशाचा उत्तर भाग. २२ किंवा २० असेल तर ती द्रोणी दक्षिणेत खोल उतरली आहे आणि तिची थंड हवा मध्य भारताच्या डोक्यावर येणार. तुमच्या बुलेटिनमध्ये २२ आहे. जालना साधारण १९.८ अंशावर. म्हणजे तुम्ही अक्षाच्या टोकाच्या जरा खाली, पण तिच्या प्रभावाच्या आत.

आता रेखांश. ढग द्रोणीच्या पुढे, म्हणजे पूर्वेला तयार होतात, कारण हवा तिथेच वर चढते. अशा द्रोणी दिवसाला ढोबळमानाने ५ ते १० अंश सरकतात. या अक्षांशावर एक अंश म्हणजे साधारण १०३ किमी. आज ६४ वर असलेला अक्ष उद्या ६९ ते ७४ च्या दरम्यान आणि तुम्ही ७५.९ वर. उद्या तुम्ही नेमके तिच्या पुढच्या अंगाला येता. परवा ती तुमच्या पूर्वेला निघून गेली की मागून कोरडे वायव्येचे वारे येतात. इशारे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी का आणि चौथ्या दिवसापासून कोरडं का, हे एवढ्यावरून जुळतं. कालचं बुलेटिन काढून त्यातला रेखांश पाहा. काल ५७ असेल तर वेग सात अंश. काल ६१ असेल, म्हणजे दिवसभरात तीनच अंश, तर ती रेंगाळतेय आणि सगळं वेळापत्रक बारा-चोवीस तास पुढे जाऊ शकतं.

पण नुसती वरची थंड हवा पुरत नाही, खाली ओल लागते. ती तो दुसरा पट्टा देतो: कर्नाटकाच्या अंतर्भागापासून विदर्भापर्यंत ०.९ किमीवरचा. तिथे बंगालच्या उपसागरावरून येणारे दमट आग्नेय वारे आणि वायव्येचे कोरडे वारे एकमेकांना भेटतात. या रेषेच्या पूर्वेला ओल, पश्चिमेला कोरडं. रेषा पन्नास-शंभर किमी इकडेतिकडे झाली की जिल्हाच बदलतो. अशा आठवड्यातली खरी अनिश्चितता बहुधा इथे असते, वरच्या द्रोणीत नव्हे.

ओल आली की नाही हे घरबसल्या तपासायचं तर दवबिंदू पाहा, म्हणजे हवा ज्या तापमानाला थंड झाली की तिच्यातल्या ओलीचं दव होऊ लागतं ते तापमान. नुसत्या आर्द्रतेच्या टक्क्यांवर जाऊ नका. ती तापमान चढलं की आपोआप उतरते. दुपारचं तापमान ३६ आणि दवबिंदू १६ असेल तर फरक २०. फरकाला १२५ मीटरने गुणलं की ढगाचा तळ अंदाजे मिळतो, इथे २५०० मीटर. इतक्या उंचावरून पडणारा पाऊस वाटेत बराचसा आटतो, त्यामुळे हवा गार आणि जड होऊन खाली आदळते. परिणाम: धूळ, जोराचा वारा, विजा आणि चार थेंब. दवबिंदू २१ असेल तर तळ १८७५ मीटर, आणि मग पाऊस खऱ्या अर्थाने जमिनीवर पोहोचतो.

गारांचं गणित याच्या जोडीला. मार्चमध्ये आपल्याकडे शून्य अंशाची पातळी साधारण ४ ते ४.५ किमीवर असते. वर द्रोणीची थंड हवा, खाली तापलेली जमीन, मध्ये कोरडा थर. ढग जोरात वर फुगतो, थेंब गोठणपातळीच्या कितीतरी वर जातात आणि गार वाढते. पडताना मधल्या कोरड्या थरात बाष्पीभवनामुळे ती थंडच राहते, म्हणून वितळायच्या आत जमिनीवर पोहोचते. जुलैत याहून कितीतरी जास्त पाऊस पडूनही गारा नसतात, कारण तेव्हा तो सगळा थर दमट आणि कोमट असतो. २०१४ साली फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात गारपिटीने हाहाकार केला, त्या वेळीही वरची थंड हवा आणि खालची ओल यांची गाठ पुन:पुन्हा त्याच भागावर पडत राहिली होती.

---

शिवारवाट (जालना)

हे कधी कुणी असं उलगडून सांगितलं नव्हतं, आभार. कालचं बुलेटिन काढलं, त्यात रेखांश ५६ होता. म्हणजे आठ अंशांची चाल, वेळेवर येतेय. पण मग ॲपवर स्वच्छ ऊन का? एकात २० टक्के लिहिलंय, दुसऱ्यात नुसता सूर्य.

---

ग्रिडपॉइंट

कारण बहुतेक ॲप कुठल्यातरी एका जागतिक मॉडेलचा (हवामानाचं गणित मांडणाऱ्या संगणकी प्रणालीचा), तुमच्या गावाच्या जवळच्या बिंदूचा आकडा उचलतात आणि चित्र लावतात. मधे माणूस नसतो. १२ किमीच्या जाळीचं मॉडेल धरा: एक चौकोन म्हणजे १४४ चौरस किमी, त्यात एकच सरासरी. मार्चमधला वळवाचा ढग तीन ते पाच किमी रुंद. तो त्या चौकोनात मावून हरवतो. मॉडेल त्याला थेट पाहत नाही, "इथे ढग उठण्याजोगी स्थिती आहे" एवढं सूत्राने मोजून थोडासा पाऊस त्या चौकोनभर पसरवतं. मग ॲपमध्ये ०.३ मिमी येतो आणि चित्र सूर्याचं लागतं. मान्सूनच्या सलग पावसात हेच ॲप बरं चालतं, कारण तिथे पाऊसच शेकडो किमी पसरलेला असतो.

२० टक्क्यांबद्दल: रोज २० टक्के आणि या बुधवारचे २० टक्के सारखे नाहीत. मार्चमध्ये तुमच्याकडे एरवी कोणत्याही दिवशी पावसाची शक्यता जवळपास नसतेच. त्या पार्श्वभूमीवर २० टक्के म्हणजे मोठी उडी आहे. आणि ज्या २० टक्क्यांत गारा आणि ५० किमीचा वारा दडलाय, ते २० टक्के उघड्यावर पडलेल्या मालासाठी जास्त आहेत.

ॲप वापरायचंच तर चित्र सोडा, तासागणिक तीन गोष्टी बघा: दवबिंदू चढतोय का, झोताच्या वाऱ्याचा आकडा सरासरी वाऱ्याच्या दुप्पट-तिप्पट दाखवतोय का, आणि दोन वेगळ्या मॉडेलांत पट्ट्याची जागा कुठे आहे. दोन्ही मॉडेलं पट्टा एकाच जिल्ह्यावर ठेवत असतील तर भरवसा वाढतो. एक लातूरवर आणि दुसरं अकोल्यावर ठेवत असेल तर जिल्ह्याचं नाव विसरा, उपविभागाचाच इशारा खरा धरा. मॉडेलच्या नकाशावरची वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे: १२ वाजताचा नकाशा आपल्या संध्याकाळी साडेपाचचा. दुपारी बाराचा समजून "ढग दिसतोय पण बाहेर ऊन आहे" असं म्हणणारे बरेच भेटतात.

---

पायलटबलून

बुलेटिनचं काम आदल्या दिवसापर्यंत. बुधवारी सकाळी ८.३० नंतर साधनं बदला. लघुपल्ल्याचा अंदाज ७२ तासांपर्यंतचा आणि उपविभाग-जिल्ह्याच्या पातळीचा. दुपारी ढग उठायला लागले की तात्काळ अंदाज, म्हणजे नाऊकास्ट, पाहायचा. त्याची मुदत तीन तास. तो जिल्हावार येतो आणि मुदत संपली की नव्याने येतो.

वेळ साधारण ठरलेली असते. सकाळी दहा-अकरापर्यंत दीड ते तीन किमीवरचा उबदार कोरडा थर झाकणासारखा बसलेला असतो. जमीन तापत गेली की दोन ते चारच्या सुमारास ते झाकण फुटतं. म्हणून सकाळचं निरभ्र आकाश म्हणजे धोका टळला असं समजू नका. उलट सकाळी भरपूर ऊन म्हणजे दुपारच्या ढगाला जास्त इंधन. सकाळपासून दाट ढगाळ राहिलं तर जमीन तापत नाही आणि गारपिटीचा जोर सहसा कमी होतो.

रडारचं चित्र बघताना जालन्याची अडचण आहे. नागपूर आणि मुंबई ही दोन्ही रडारं तुमच्यापासून सव्वातीनशे किमीहून लांब. रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळते. अर्ध्या अंशाने सोडलेला किरण १०० किमीवर जमिनीपासून साधारण दीड किमी, २०० किमीवर चार किमी आणि २५० किमीवर जवळपास सहा किमी उंच असतो. म्हणजे लांबच्या ढगाचा फक्त माथा दिसतो, कधी तोही नाही. म्हणून त्या रडारवर जागा कोरी दिसली तर "ढग नाही" असं म्हणू नका. खात्याच्या संकेतस्थळावरच्या यादीत त्याहून जवळचं रडार चालू असेल तर तेच धरा.

अमरावती, वर्धा, यवतमाळकडच्यांना नागपूरचं रडार कामाचं. चित्र साधारण दर दहा मिनिटांनी बदलतं. त्यातलं "मॅक्स झेड" नावाचं चित्र उघडा: मधे नकाशा, वर आणि उजवीकडे उभ्या छेदाच्या पट्ट्या, त्यावर उंची किमीमध्ये. गारेसाठी मधल्या नकाशाचा लाल रंग पुरेसा नाही. बाजूच्या पट्टीत ४५ डीबीझेडचा (ढगावरून रडारकडे परतणाऱ्या लहरींच्या जोराचं एकक) रंग किती उंच गेलाय ते पाहा. तो शून्य अंश पातळीच्या १.४ किमी किंवा जास्त वर गेला असेल तर गारांची शक्यता गंभीरपणे घ्या, गोठणपातळी ४.३ धरली तर ही खूण ५.७ किमीला पडते. ५५ डीबीझेडच्या पुढे गेलेला गाभा दिसला तर माल झाकायची वेळ निघून चालली आहे असं समजा.

ढग किती वेळात पोहोचेल याचं गणित सोपं. वीस मिनिटांच्या अंतराची दोन चित्रं घ्या, गाभा किती सरकला ते मोजा. १२ किमी सरकला तर वेग ताशी ३६ किमी. तुमच्यापासून ४५ किमीवर असेल तर ७५ मिनिटं. पण त्यातली वीस मिनिटं वजाच धरा. कारण जुन्या ढगातून बाहेर सांडणारी गार हवा पुढच्या गरम हवेला उचलते आणि १०-१५ किमी पुढे नवाच ढग उभा राहतो. ढग चालत आला असं वाटतं, प्रत्यक्षात तो पुढे जन्मतो.

जालन्यासाठी पर्याय: उपग्रहाचं चित्र, दर अर्ध्या तासाला. इन्सॅट ३डीएस किंवा ३डीआरचं अवरक्त चित्र घ्या, कारण दृश्य चित्र अंधार पडला की संपतं. ढगाचा पांढरा पंखा वरच्या वाऱ्याने पूर्वेला ओढला जातो. त्या पसरट, पातळ होत गेलेल्या पूर्वेकडच्या भागाखाली फारसं काही नसतं. पाऊस-गारा असतात त्या पश्चिमेच्या बाजूला, जिथे ढगाची कड चाकूने कापल्यासारखी धारदार दिसते. पंख्याची सावली अंगावर आली म्हणून घाबरायचं नाही, धारदार कड कुठे आहे ते बघायचं.

जोडीला पुण्याच्या आयआयटीएमचं (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं) "दामिनी" ॲप. ते २० आणि ४० किमीच्या वर्तुळात नुकत्याच पडलेल्या विजा दाखवतं. चाळीसच्या वर्तुळात विजा दिसू लागल्या की मजूर शेतातून काढा, वीसची वाट पाहू नका. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोहोचण्याइतकी जवळ आहे. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबून मगच पुन्हा शेतात उतरायचं. झाडाखाली नाही, उघड्या ट्रॅक्टरवर नाही, तारेच्या कुंपणाजवळ नाही.

---

कांदाचाळ

आता शेतातलं. कांदा उपटून किती दिवस झाले आणि पात अजून हिरवी आहे का, यावर सगळं आहे. पातीसकट तीन ते पाच दिवस शेतात, एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचे कांदे झाकून सुकवायचे असतात. मग तीन-चार सेंटीमीटर मान ठेवून पात कापायची आणि सावलीत दहा-बारा दिवस.

---

रब्बीवाला

ढीग करून ताडपत्री टाकायची, विषय संपला.

---

कांदाचाळ

नाही भाऊ, हिरव्या पातीचा ढीग करून वर ताडपत्री घट्ट बांधली तर आत वाफ धरते आणि माना सडायला लागतात. पावसाने कमी आणि ताडपत्रीने जास्त नुकसान होतं. त्यापेक्षा असं करा. मंगळवारी दिवसभरात जेवढी पात कोमेजली तेवढा कांदा बुधवारी सकाळी उचला, शेडखाली किंवा उंचवट्यावर फूट-दीड फूट थराने पसरा. उघड्यावरच ठेवायचा असेल तर लांबट, अरुंद ढीग करा, खाली काड्या किंवा क्रेटचा आधार द्या म्हणजे वाहतं पाणी खालून शिरणार नाही. ताडपत्री फक्त पाऊस असेपर्यंत, आणि दोन्ही टोकं उघडी ठेवून. वारा ४०-५० चा सांगितलाय, तेव्हा कडांना माती किंवा दगड. नुसत्या दोरीवर भागणार नाही. पाऊस थांबला की रात्र असली तरी ताडपत्री सैल करा.

भिजलेला कांदा थेट चाळीत भरू नका. वायव्येचा कोरडा वारा सुटतो तेव्हा दोन दिवसांत बाहेरची साल वाळते. चौथ्या दिवसापासून कोरडं आहेच. गार लागलेला कांदा वेगळा काढा, तो साठवणुकीत टिकत नाही आणि शेजारचेही सडवतो.

गव्हाचं: पिकलेला उभा गहू दहा-पंधरा मिलिमीटर पाऊस सोसतो आणि उन्हात लवकर वाळतो. कापून पसरलेल्या पेंढ्या मात्र ओल धरून ठेवतात, दाण्याची चकाकी जाते. म्हणून बुधवारच्या आत कापणी-मळणी पूर्ण होत असेल तरच हात घाला. अर्धवट कापून ठेवणं सर्वांत वाईट. दाणा पंधरा टक्के ओलाव्याच्या वर असताना हार्वेस्टर घालून घाईने पोत्यात भरला तर तो पोत्यातच तापतो. साठवणीला बारा टक्क्यांच्या आसपास हवा. उशिरा पेरलेला, अजून दुधाळ किंवा चिकात असलेला गहू असेल तर या तीन दिवसांत पाणी देऊ नका. ओल्या जमिनीत मुळांची पकड सैल होते आणि झोताचा वारा पीक लोळवतो. फवारणीही तिसऱ्या दिवसानंतरच.

---

किनारपट्टी (रत्नागिरी)

वरच्या सगळ्या चर्चेत आमचं कोकण राहिलं. तिकडे गारा आणि इकडे उष्ण-दमट, हे एकाच बुलेटिनमध्ये कसं? आणि आमच्याकडे ३७ अंशांतच उष्णतेची लाट म्हणतात, नागपूरला ४० लाही म्हणत नाहीत.

---

आयसोबार

ताई, कारण एकच यंत्रणा आहे. द्रोणीच्या पुढे जमिनीवरचे वारे पूर्वेचे-आग्नेयेचे होतात. घाटावरून खाली उतरताना ती हवा आणखी तापते आणि समुद्रावरच्या वाऱ्याला किनाऱ्यावर यायला उशीर लावते. एरवी दुपारच्या आधीच येणारा खारा वारा दोन-तीनपर्यंत लांबला की पारा तेवढ्या वेळात चढतो. मुंबईत सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदले गेले. तारीख पाहा, मे नाही, मार्च आहे.

निकष वेगवेगळे आहेत. किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ किंवा जास्त आणि शिवाय सरासरीपेक्षा ४.५ अंश अधिक हवं. मैदानी भागात ४० आणि तसाच ४.५ ते ६.४ चा फरक, फरक ६.४ च्या वर गेला की तीव्र लाट. किंवा सरासरी काहीही असो, थेट ४५ ला लाट आणि ४७ ला तीव्र लाट. वर अट अशी की उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असं व्हावं, तेव्हा दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. तुमच्याकडे मार्चची सरासरी ३२.५ धरली तर ३७ लाच दोन्ही अटी पूर्ण होतात. नागपूरला मार्चअखेर सरासरीच चढी असते, त्यामुळे ४० ला फरकाची अट पुरी होत नाही.

आंबा वाटाणा ते सुपारीच्या आकाराचा असेल तर या दोन-तीन दिवसांत फळगळ वाढते. पाणी सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर द्या, झाडाच्या बुंध्याभोवती गवताचं आच्छादन करा. मळभ आणि दमटपणा एकत्र आला तर करप्याकडे लक्ष हवं.

---

शिवारवाट (जालना)

शेवटचा एक. बुधवारी काहीच झालं नाही तर गुरुवारचा इशारा खोटा धरायचा का?

---

ढगवाचक

नाही. बुधवारी आपल्याकडे ढग फुटला नाही याची दोन कारणं असू शकतात. एक, ओलीची रेषा पूर्वेला सरकली. तसं असेल तर बुधवारी संध्याकाळी दवबिंदू दहा-बाराच्या आसपास पडलेला आणि वारा वायव्येचा असेल. मग गुरुवारी तुमच्याकडचा धोका खरोखर कमी झाला. दोन, ओल होती पण झाकण फुटलं नाही. तसं असेल तर दवबिंदू १८-२० वरच टिकून राहील, वारा आग्नेयेचा, रात्र उकाड्याची. अशा वेळी गुरुवारची दुपार बुधवारपेक्षा जड जाऊ शकते, कारण द्रोणी अजून पूर्ण सरकलेली नसते आणि ऊर्जा तशीच साठलेली असते.

त्यामुळे बुधवारी रात्री नऊ वाजता तीन गोष्टी बघा: वाऱ्याची दिशा, दवबिंदू, आणि संध्याकाळच्या बुलेटिनमधला नवा रेखांश. तो ७६ च्या पुढे गेला असेल आणि वारा वायव्येला फिरला असेल तर गुरुवारी सकाळी ताडपत्र्या काढून कांदा पसरायला हरकत नाही. यातलं एक जरी जुळलं नाही तरी गुरुवारी सूर्यास्तापर्यंत माल शेडखालीच राहू द्या. आणि मंगळवार-शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला निघतो, "मेघदूत" ॲपवर मराठीत मिळतो. शुक्रवारचा सल्ला पाहून मगच गव्हाला हार्वेस्टर बोलवा.